थंडीत नळीला जाळ नको, गरम पाणी द्या



आपल्या बीड जिल्ह्यात पाइपात पाणी गोठत नाही. मात्र थंडीने ठिबकची नळी ताठ होते. पहाटेच्या पाळीला लाइट येते, जॉइनर काही केल्या बसत नाही. मग कोणीतरी मूठभर पाचट पेटवून नळीचं टोक शेकतो.

हे टाळावे. जाळाने नळी एका बाजूने पातळ होते व पुढे दाबाखाली तिथेच फुटते. त्याहून मोठा धोका फडाला. एक ठिणगी पाचटात पडली की आपला ऊस जातो, शेजाऱ्याचाही जातो. जळीत ऊस तातडीने तोडावा लागतो. वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

लेह-लडाखात पाइप खरोखर गोठतात. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो, म्हणून पाइप तडकतो. तिथेही नियम हाच : जाळ लावायचा नाही. नळ उघडा ठेवून, तोटीकडून मागे गरम पाण्याच्या फडक्याने शेकत जायचे.

आपण थर्मासभर गरम पाणी शेतात न्यावे. नळीचे टोक अर्धा मिनिट बुडवावे, जॉइनर दाबावा, बसतो. पीव्हीसीच्या जोडाचे सोल्युशन थंडीत उशिरा वाळते. लगेच मोटार सुरू करू नये. व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. ओल्या हाताने स्टार्टरला शिवू नये.

शेकोटी जरूर करा, पण फडापासून लांब, मोकळ्या जागी. उठताना तीवर पाणी ओतूनच उठा.

– ऊस विकास अधिकारी