काट्याला न कळणारं वजन

जिंतूर, पालम, सोनपेठकडून परभणीला डायलिसिससाठी येणाऱ्यांशी बोलायला बसलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: "सुई चालूच हाय, पण रक्त आठाच्या वर जाईना." रक्त म्हणजे हिमोग्लोबिन, आणि ही सुई एरिथ्रोपोएटिनची. तीच सुई एकाला लागू पडते आणि शेजारच्या खाटेवरच्याला का पडत नाही, या प्रश्नाने मला कित्येक वर्षं झपाटलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. किडनी निकामी झाली की रक्त गाळायचं काम यंत्र करतं, आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. 2016 साली जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना यांमुळे गरिबाला ते परवडू लागलं. पण अस्थिमज्जेला 'रक्त बनव' असं सांगणारं संप्रेरक, म्हणजे हेच एरिथ्रोपोएटिन, किडनीच तयार करते, आणि ते काही यंत्राला जमत नाही. 1977 साली शिकागोचे यूजीन गोल्डवासर आणि जपानचे ताकाजी मियाके यांनी 2550 लिटर लघवी गाळून या संप्रेरकाचे जेमतेम काही मिलिग्रॅम शुद्ध स्वरूपात मिळवले. लघवी होती जपानी रुग्णांची, ज्यांची अस्थिमज्जाच रक्त बनवत नव्हती. 1989 साली अमेरिकेत त्याच्या औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी अशा रुग्णांना वरचेवर रक्त चढवावं लागे.

आता काट्याकडे या. प्रत्येक डायलिसिसच्या आधी आणि नंतर रुग्णाला काट्यावर उभं करतात, वाढलेलं पाणी काढतात आणि 'ड्राय वेट'वर, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनावर, आणून सोडतात. एका शेतकऱ्याचं ड्राय वेट बराच काळ पन्नास किलोच धरलेलं होतं, म्हणून घरचे निश्चिंत होते. मी मात्र त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो. घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे जात होतं, पायजम्याची नाडी दोन वेढे घेत होती, आणि घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडत होता. मांस गेलं होतं, त्याची जागा पाण्याने भरून काढली होती. काट्याला दोन्ही सारखेच.

हिमोग्लोबिनचा याच्याशी थेट संबंध आहे. अंगातल्या जादा पाण्याने रक्त पातळ होतं, म्हणून आकडा आहे त्याहून कमी दिसतो. शिवाय अंगात सूज धुमसत असली, मग ती जुन्या जंतुसंसर्गाची असो, दातांची असो वा डायलिसिसच्या कॅथेटरची, की स्नायू झिजतात, भूक मरते आणि यकृत हेप्सिडिन नावाचा पदार्थ जास्त सोडतं. हेप्सिडिन लोखंडाला कोठारात कुलूप लावतं. अस्थिमज्जा सुईची हाक ऐकते, पण कच्चा मालच मिळत नाही.

मात्र सुईला मिळणारा प्रतिसाद अभ्यासक मोजतात तो आठवड्याच्या डोसला वजनाने आणि हिमोग्लोबिनने भागून. वजन भागाकारात खाली असल्याने बारीक माणसाचा निर्देशांक गणितानेच फुगतो, म्हणजे त्याला सुई कमी लागते असं दिसतं. म्हणून 'जाड रुग्णाला सुई चांगली लागते' या निष्कर्षावर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे वेगळं मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ते मोजणारं बायोइम्पिडन्सचं यंत्र नसेल तर हाताच्या पकडीची ताकद पाहा. क्रिएटिनिनकडेही बघा. ते स्नायूंतून येतं. डायलिसिस नीट चालू असताना ते महिन्यागणिक उतरू लागलं तर आनंद मानू नये, बहुधा स्नायू आटत असतात.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते ताट. डायलिसिसपूर्वी 'डाळ कमी' सांगितलेलं असतं, आणि सुरू झाल्यावरही घरात तेच चालू राहतं. खरं तर आता किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, कारण दर खेपेला अमिनो आम्लं यंत्रातून वाहून जातात. संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या माळकऱ्याला अंड्याचा पांढरा भाग खा म्हणून चालत नाही. त्याला डाळ-दह्याचं माप पोटॅशियम, फॉस्फरस सांभाळून आहारतज्ज्ञानेच बसवून द्यावं लागतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने 2018 साली 'परभणी शक्ती' ही ज्वारी आणली, किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोहाची. गावच्या पोरीबाळींसाठी मी तिचा आग्रह धरतो. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र तेवढ्याने पुरत नाही: हेप्सिडिन आतड्याचं दारही बंद करतं, आणि यंत्रात अडकणारं, तपासण्यांत जाणारं रक्त वर्षाला एक-दोन ग्रॅम लोह घेऊन जातं. म्हणून त्याला लोह सहसा शिरेतूनच द्यावं लागतं. सुईचा डोस वाढवण्याआधी फेरिटिन (लोहाचा साठा), सीआरपी (आतली सूज) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) पाहिलंत का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना बेलाशक विचारावं.