कोल्हापूर वस्तुसंग्रहालय

कोल्हापूर वस्तुसंग्रहालय : कोल्हापूर शहरातील प्रादेशिक इतिहासाचे शासकीय संग्रहालय. भाऊसिंगजी मार्गावरील टाउन हॉलच्या वास्तूत ते असल्याने ‘टाउन हॉल म्यूझियम’ या नावाने ते अधिक परिचित आहे. पुरावशेष, नाणी, पाषाणशिल्पे, शस्त्रे, चंदन व हस्तिदंतावरील कोरीवकाम आणि चित्रे असा त्याचा संग्रह विविध स्वरूपाचा आहे. वरवर पाहता या वस्तूंचा परस्परांशी संबंध दिसत नाही. तथापि त्यांपैकी बहुतेक कोल्हापूर व त्याच्या परिसराशी निगडित असल्याने सुमारे दोन हजार वर्षांचा स्थानिक इतिहास त्यांतून उलगडतो.

संग्रहालयाच्या स्थापनेमागे ब्रह्मपुरी येथील उत्खननाची प्रेरणा होती. पंचगंगेच्या काठी असलेल्या या टेकाडावर प्रा. के. जी. कुंदनगार यांनी केलेल्या खोदकामात ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा हाती आला. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या वस्तू कोल्हापुरातच राहाव्यात, या हेतूने १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी संग्रहालय टाउन हॉलमध्ये आले. ही वास्तू १८७२–७६ या काळात गॉथिक धर्तीवर बांधण्यात आली असून तिचे उंच मनोरे व उतरती छपरे यांमुळे ती स्वतःच प्रेक्षणीय ठरली आहे.

ब्रह्मपुरीचे अवशेष हा संग्रहाचा गाभा होय. उत्खननात सातवाहनकाळातील पक्क्या विटांच्या घरांचे अवशेष मिळाले व वरच्या थरांत शिलाहार आणि बहमनी काळांतील वसाहतींच्या खुणा आढळल्या. ब्राँझच्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची लहान मूर्ती, मद्यपात्र, आरसा इ. भूमध्य सागरी प्रदेशातून आलेल्या वस्तू आहेत. हत्तीवर बसलेल्या स्वारांचे ब्राँझशिल्प मात्र भारतीय कारागिरांचे आहे. सागरकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस असलेल्या या नगरात ग्रीक परंपरेतील समुद्रदेवाची मूर्ती सापडावी, याचे स्पष्टीकरण तत्कालीन व्यापारात मिळते. रोमन साम्राज्याशी चालणारा माल कोकणातील बंदरांत उतरे व घाटमार्गांनी देशावरील नगरांत पोहोचे. कोल्हापूर परिसरात मिळालेली शिशाची नाणीही या संदर्भात उद्‌बोधक आहेत. त्यांवर धनुष्यबाणाचे चिन्ह असून विळिवायकुर, सिवलकुर इ. स्थानिक राजांची नावे आढळतात. शिसे ही त्या काळी पश्चिमेकडून भारतात येणाऱ्या मालापैकी एक वस्तू होती, असे पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तावरून दिसते.

अशा संग्रहात वस्तूइतकेच तिच्या प्राप्तिस्थानाला महत्त्व असते. वस्तू कोणत्या थरात व कोणत्या वस्तूंसमवेत मिळाली, यावरून तिचा काळ व उपयोग ठरतो. पोसायडनची मूर्ती एखाद्या विक्रेत्याच्या दुकानात आढळली असती, तर एक सुबक विदेशी शिल्प एवढेच तिचे मोल राहिले असते. ब्रह्मपुरीत मिळाल्यामुळे ती कोल्हापूरच्या प्राचीन व्यापाराचा पुरावा ठरली. खुद्द ब्राँझच्या साठ्याबाबतही ही गोष्ट प्रत्ययास येते. थरांची काटेकोर नोंद होण्यापूर्वीच तो बाहेर काढला गेल्याने त्यातील प्रत्येक वस्तूचा काळ ठरविताना अभ्यासकांना घडणीच्या शैलीवर विसंबावे लागले. १९६० मध्ये कार्ल खंडालावाला यांनी या वस्तूंचा स्वतंत्रपणे परामर्श घेतला. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात सापडलेली काही नाणी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये गेली. स्थानिक संग्रहालयाच्या अभावी मूळ स्थळी एखाद्या साठ्याचा एकत्रित अभ्यास करणे कसे दुष्कर होते, याचे हे उदाहरण होय.

मध्ययुगीन पाषाणशिल्पांत देवदेवतांच्या मूर्तींबरोबरच वीरगळांचा समावेश होतो. वीरगळ तळाकडून वर पाहत जावा लागतो : खालच्या पट्टात युद्धप्रसंग व वीराचा मृत्यू, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण व सर्वांत वर देवपूजा कोरलेली असते. माथ्यावरील चंद्रसूर्य वीराची कीर्ती चिरंतन असल्याचे सुचवितात. शस्त्रविभागात तलवारी, कट्यारी, भाले, बंदुका इ. आयुधे आहेत. चित्रविभागात आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर प्रभृती चित्रकारांच्या कलाकृती आहेत. आबालाल यांना शाहू छत्रपतींचा आश्रय लाभला होता व कोल्हापूरचा निसर्ग हा त्यांच्या चित्रांचा आवडता विषय होता. बाबूराव पेंटर हे सैरंध्री (१९२०) या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणूनही प्रसिद्ध आहेत. संस्थानी आश्रयातून विकसित झालेली कलापरंपरा या विभागात दिसते.

प्रेक्षकाने प्रथम ब्रह्मपुरीचे अवशेष, नंतर शिल्पे व शस्त्रे आणि अखेरीस चित्रे असा क्रम ठेवल्यास कालानुक्रम ध्यानात येतो. प्रत्येक वस्तूजवळची नामपट्टी वाचताना काळाबरोबर प्राप्तिस्थानही पाहावे. संग्रहालय पाहून झाल्यावर ब्रह्मपुरी, महालक्ष्मी मंदिर व पन्हाळगड या स्थळांना भेट दिल्यास वस्तू व भूप्रदेश यांचा संबंध अधिक स्पष्ट होतो.

प्रादेशिक संग्रहालयाची वाढ बऱ्याच अंशी परिसरातील नागरिकांच्या दक्षतेवर अवलंबून असते. विहीर खणताना, पाया काढताना किंवा शेत नांगरताना नाणी, मूर्ती, ताम्रपट अशा वस्तू अकस्मात निघतात. दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा निधी सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये बंधनकारक आहे. वस्तू धुणे, घासणे किंवा जागेवरून हलविणे टाळल्यास तिच्याभोवतीची माती व सोबतचे अवशेष अभ्यासासाठी उपलब्ध होतात. एकदा विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून वस्तू सापडताच केलेली नोंद ही तिच्या जतनाची पहिली पायरी मानली जाते.