सोडून दिलेला डाव

मे १९९७. आमच्या शाखेत संगणक येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका संध्याकाळी हेडक्लार्कच्या लेजरची बेरीज आणि संगणकाचा प्रिंटआउट काही केल्या टॅली होईना. तीस वर्षं आकडेमोड केलेला तो माणूस लेजर मिटत म्हणाला, "साहेब, माझंच चुकलं असणार. मशीन कसं चुकेल?" रात्री आठला शोध लागला. एक व्हाउचर मशीनमध्ये दोनदा भरलं गेलं होतं. लेजर बरोबर होतं.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या 'डीप ब्ल्यू' या संगणकाशी सहा डाव खेळत होता. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात पहिला डाव हरूनही त्याने या यंत्राला ४-२ असं नमवलं होतं. यंत्राजवळ प्रतिभा नव्हती. होता तो नुसता हिशेब. मी ही चाल केली तर तो कोणती करील, मग मी कोणती, अशा सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती ते तपासायचं, प्रत्येकीला गुण द्यायचं आणि सर्वांत फायद्याची चाल निवडायचं. गुण कशाला किती, हे मात्र माणसांनीच ठरवलं होतं, ग्रँडमास्टर जोएल बेंजामिनच्या मदतीने.

पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. दुसऱ्यात यंत्र इतकं संयमाने, अगदी माणसासारखं खेळलं, की तो हादरला आणि त्याने डाव सोडून दिला. नंतर विश्लेषकांनी दाखवलं, की सतत शह देत राहून बरोबरी साधण्याची वाट तिथे होती. यंत्राने अशी फट ठेवली असेल, हे त्याच्या मनातच आलं नसावं. मशीन कसं चुकेल?

पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले. मनातला संशय सुटला नाही. यंत्रामागे माणसाचा हात असल्याची शंका त्याने बोलून दाखवली, आयबीएमने ती फेटाळली. ११ मे रोजी सहावा डाव तो अवघ्या १९ चालींत हरला. निकाल साडेतीन विरुद्ध अडीच.

आज खिशातला मोबाइलही जगज्जेत्याला हरवू शकतो. त्याची मला खंत नाही. बेरजेत मशीनशी बरोबरी करायला आम्ही बँकवालेही कधीच गेलो नाही. पण हरण्याआधीच डाव सोडून देणं वेगळं. माझी नात मोबाइलवरचं उत्तर पाहून वहीतलं स्वतःचं गणित खोडायला निघते, तेव्हा मला तो हेडक्लार्क आठवतो. मी म्हणतो, "थांब बाळ. आधी वही एकदा तपासू."