ऑपरेशन दोन तासांचं, मुक्काम किती दिवसांचा?



आई-बाबांचं बायपास किंवा गुडघ्याचं ऑपरेशन एडिसनला करावं की पुण्याला, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो. सर्जन, खर्च, रजा, सगळ्याचा हिशोब होतो. हॉस्पिटलमध्येच होणारं इन्फेक्शन मात्र कुणी हिशोबात धरत नाही. मी डॉक्टर नाही, पण हॉस्पिटल बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे "लेंथ ऑफ स्टे" हा रकाना रोज डोळ्यांसमोर असतो. म्हणून हे चार शब्द.

सीडीसीच्या २०१५ च्या पाहणीत हॉस्पिटलातल्या दर ३१ पेशंटांमागे साधारण एकाला असं इन्फेक्शन आढळलं. २०११ मध्ये हेच प्रमाण २५ मागे एक होतं. म्हणजे सुधारणा आहे. पण ऑपरेशनच्या जखमेत इन्फेक्शन झालंच, तर मुक्काम सात ते अकरा दिवसांनी वाढतो, असं इथल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिका सांगतात.

हे दिवस जातात कुठे? आधी ताप येतो, जखम लाल होते. मग कल्चर पाठवतात, त्याच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस. तोवर शिरेतून अँटिबायोटिक. पू असेल तर जखम उघडून धुवायची, म्हणजे पुन्हा ऑपरेशन थिएटर. चालण्याचा व्यायाम तेवढ्यापुरता मागे पडतो.

आकडे वाचताना एक मेख लक्षात ठेवा. इन्फेक्शनमुळे मुक्काम वाढतो हे खरं, पण जो जास्त दिवस राहतो त्याला इन्फेक्शनची संधीही जास्त. आधी कोंबडी की आधी अंडं! त्यामुळे दोन सरासऱ्यांची नुसती वजाबाकी केली तर फरक फुगून दिसतो. उलट, हल्ली पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि इन्फेक्शन नंतर उघड होतं. ते दिवस पहिल्या मुक्कामात दिसतच नाहीत, दुसऱ्या ॲडमिशनमध्ये दिसतात. म्हणूनच सांधा बदलल्यावर ९० दिवस नजर ठेवतात.

आपल्या न्यू जर्सीने २००७ साली कायदा करून हॉस्पिटलांना इन्फेक्शनची माहिती राज्याला कळवणं बंधनकारक केलं. ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने काही इन्फेक्शनांपायी जादा पैसे देणं थांबवलं. बायपासनंतर छातीत होणारं इन्फेक्शन त्यातलंच. पण व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मेडिकेअर नसतं. त्यांच्या पॉलिसीला कमाल मर्यादा असते, परतीचं तिकीट ठरलेलं असतं. तिथे वाढलेला आठवडा थेट आपल्या खिशातून जातो. पुण्यातही, पॅकेज नसेल तर रूमचं भाडं दिवसावर चढतं आणि आपली रजा इकडे संपत येते.

मग करायचं काय? मेडिकेअरच्या "केअर कम्पेअर" साइटवर हॉस्पिटलवार इन्फेक्शनचे आकडे फुकट मिळतात, ते बघा. सर्जनला सरळ विचारा: अँटिबायोटिक चीर देण्याआधी तासाभरात देणार ना? लघवीची नळी कधी काढणार? डायबेटिस असेल तर शुगर आधी आटोक्यात आणा, तंबाखू-सिगरेट किमान चार आठवडे आधी बंद. आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. आणि हो, डबा घेऊन भेटायला दहा जण जाण्याची आपली रीत प्रेमाची असली तरी दोघं पुरेत, तेही हात धुऊन. सर्दी-खोकला असेल तर फोनवर विचारपूस करा.

नर्सला "हात धुतलेत का?" विचारायला आपल्याला संकोच वाटतो. आई-बाबा तर विचारणारच नाहीत. त्यांच्या वतीने आपण विचारायचं. चांगल्या नर्सला राग येत नाही, हा माझा अनुभव.

कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही मेल त्यांना जरूर पाठवा.

कळावे,
आपला एक एडिसनकर