मांजराचे सारे दात काढावेत काय?

ताटलीत मासळी पडल्याचा वास येताच मनी धावत येते, तोंड खाली घालते, आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच ओरडून मागे उडी घेते. जणू काय त्या घासानेच तिला चावा घेतला. थोड्या वेळाने ती पुन्हा येते व पुन्हा परत जाते. घरातील मंडळी प्रथम मासळीस दोष देतात, मग मनीच्या लाडावलेपणास. पुढे तिच्या हनुवटीवर लाळेचे ओघळ दिसू लागतात, तोंडास दुर्गंधी येते, एरवी तुळतुळीत असणारे अंग पिंजारलेले राहते, आणि अखेरीस तिला टोपलीत घालून पशुवैद्याकडे नेण्यात येते. पशुवैद्य तिचे तोंड उघडून पाहतो व सांगतो की, हिचे बहुतेक, किंबहुना सारेच, दात काढावे लागतील. हे ऐकून घरच्या मंडळींचा धीर सुटला तर त्यात नवल नाही. दात नाहीत ते मांजर कसले, आणि ते खाणार तरी काय, असा प्रश्न लहानथोर सर्वांच्याच मनात उभा राहतो.

ह्या धास्तीचे मूळ असे की, माणूस मांजराच्या दातांकडे आपल्या दातांच्या अनुभवावरून पाहतो. आपण भाकरी दाढांखाली रगडून तिचे पीठ करतो. दात गेलेल्या म्हाताऱ्यास सुपारी खलबत्त्यात कुटून द्यावी लागते. मांजराची गोष्ट निराळी आहे. प्रौढ मांजरास 30 दात असतात. त्यांपैकी पुढचे 12 इतके बारीक की ते पुष्कळांनी पाहिलेलेही नसतात. 4 सुळे शिकार धरून ठेवण्याकरिता, आणि मागच्या 14 दाढा मांसाचे तुकडे कात्रीसारखे कापण्याकरिता. मांजराचा जबडा जवळजवळ खालीवरच हलतो. अन्न रवंथावे तसे घोळवून चघळणे त्याच्या स्वभावात नाही. तुकडा घशाखाली उतरण्याजोगा झाला की ते तो गिळते. ज्या मांजरास उंदरावर पोट भरावयाचे आहे त्याची दातांवाचून अडचण होईल. पण चिरलेले, शिजवलेले अन्न ज्याच्या पुढ्यात येते त्याचे दातांवाचून फारसे अडत नाही. त्याचे अडते ते वेदनेमुळे.

तथापि दात दुखणारे प्रत्येक मांजर ह्या शस्त्रक्रियेस पात्र ठरते असे मुळीच नाही. दातांवर किटण चढून हिरडी सुजली असेल, तर भूल देऊन दात स्वच्छ करणे व हलणारे चार-दोन काढणे पुरते. मांजरांत आणखी एक चमत्कारिक रोग वारंवार आढळतो. त्यात शरीरच आपला दात विरघळवू लागते. हिरडीच्या कडेशी खळगा पडतो, आणि कधीकधी मूळ जबड्याच्या हाडात मिसळून नाहीसे होते. येथेही रोगी दात तेवढे काढावयाचे. मात्र कोणत्या दाताचे मूळ कोणत्या अवस्थेत आहे हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी तोंडाचे क्ष-किरण चित्र घ्यावे लागते.

सारे दात काढण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवतो तो तिसऱ्या रोगात. ह्यात सूज हिरडीपुरती राहत नाही. तोंडाच्या अगदी मागे, जेथे वरचा व खालचा जबडा मिळतो, तेथील दोन्ही बाजूंची त्वचा लालभडक होऊन सोललेल्या जखमेसारखी दिसते. दातावर जंतूंचा एक पातळ थर सतत धरत असतो. तो पुसून काढला तरी दिवसभरात पुन्हा धरू लागतो. इतर मांजरांचे शरीर तो निमूटपणे सोसते. ह्या मांजराच्या शरीराची संरक्षक शक्ती मात्र त्यावर एवढी चवताळून उठते की, सारे तोंडच रणभूमी होऊन जाते. ह्यांतील पुष्कळांच्या तोंडात कॅलिसी नावाचा विषाणूही सापडतो. चांगले दिसणारे दात का उपटावयाचे, ह्या स्वाभाविक शंकेचे उत्तर येथे आहे. दात निरोगी असला तरी दात आहे तोवर तो थर आहे, आणि थर आहे तोवर दाह आहे.

ह्यावर औषध नाही काय? आहे, आणि घोटाळा तेथेच होतो. स्टेरॉइडची सुई दिली की मनी दोन दिवसांत जेवू लागते. मंडळींस वाटते, संकट टळले. काही आठवड्यांनी दुखणे परतते, पुन्हा सुई. दर खेपेस गुण कमी दिवस टिकतो, आणि दीर्घकाळ अशी औषधे चालू राहिल्यास मांजरास मधुमेह जडण्याची भीती असते. मांजर दुखणे अंगावर काढण्यात पटाईत. ते कण्हत नाही, कुंथत नाही, कपाटाखाली जाऊन बसते. त्यामुळे महिनेच्या महिने ह्या चक्रात निघून जातात.

आता गुण किती येतो हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेतील पशुवैद्यक संघाच्या नियतकालिकात 2015 साली अशा 95 मांजरांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 27 पूर्ण बरी झाली, 37 मांजरांस पुष्कळ गुण आला, 25 मांजरांस थोडाच, आणि 6 मांजरांस मुळीच नाही. म्हणजे तीन मांजरांत दोहोंचे भले होते, तिसऱ्याचे दुखणे कमीअधिक उरते. त्या तिसऱ्यास पुढेही वेदनाशामक किंवा सायक्लोस्पोरिनसारखी औषधे द्यावी लागतात. जो पशुवैद्य हे आधी सांगतो त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. ह्याच वृत्तान्तात असेही दिसले की, सारे दात काढलेली मांजरे आणि काही दात राखलेली मांजरे ह्यांच्या गुणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून सुळे व पुढचे दात निरोगी असल्यास प्रथम मागच्या दाढा काढून वाट पाहणे हा मार्ग अनेक पशुवैद्य पत्करतात.

निर्णयापूर्वी ज्या गोष्टी विचारावयाच्या त्यांत क्ष-किरण चित्र पहिले. ते दात काढण्यापूर्वीही हवे आणि नंतरही. कारण मुळाचा एखादा तुकडा जबड्यात राहिला तर दाह धुमसतच राहतो व सारा खटाटोप फुकट जातो. ही सोय नसलेल्या ठिकाणी एवढे मोठे काम करवून घेण्यापेक्षा दुसऱ्या गावी जावे लागले तरी जावे. रक्ताची तपासणी करून मूत्रपिंडे, यकृत पाहावे, हृदयाची परीक्षा व्हावी, आणि मांजरांतील प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या दोन विषाणूंची चाचणीही करून घ्यावी. केवळ वय झाले म्हणून भूल देता येत नाही ही समजूत बरोबर नव्हे. पण मूत्रपिंडे थकलेली असतील तर धोका व लाभ तोलून पाहावा लागतो, आणि काम कधी दोन खेपांत करावे लागते. खर्च बराच येतो. तो आधीच विचारून घेण्यात संकोच कसला?

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे मऊ, कोमट, लापशीसारखे अन्न द्यावे. टाके बहुधा आपोआप विरघळतात. वेदनाशामक औषध पशुवैद्याने दिलेले तेवढेच द्यावे. घरातील तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते, अर्धीसुद्धा. मांजराने दोन-तीन दिवस अन्न घेतले नाही तर यकृतात चरबी साठून नवेच संकट उभे राहते, म्हणून पशुवैद्यास लगेच कळवावे. प्रसंगी मानेतून अन्ननलिकेत नळी बसवून तिला पोसावे लागते. सुळे गेलेल्या मांजरास रस्त्यावरच्या बोक्यांशी झुंजण्यास बाहेर सोडू नये. झोपेत तिच्या जिभेचे टोक बाहेर राहिले तर घाबरण्याचे कारण नाही.

तोंडाचा लालपणा ओसरण्यास कित्येक आठवडे, कधी अनेक महिने लागतात. तेवढ्या अवधीत पशुवैद्याकडील फेऱ्या चुकवू नयेत. गुण येऊ लागल्याची पहिली खूण पुष्कळदा ताटलीपाशी न दिसता खिडकीत दिसते. मनी पंजा चाटून तोंड पुसू लागते, आणि तिचे अंग पुन्हा तुळतुळीत होते.