नळ घरोघरी पोहोचला. आता प्रश्न तो चालविणाऱ्या हातांचा
लहान पाणीयोजना सांभाळणाऱ्यांचे प्रशिक्षण सार्वजनिक आरोग्याचा कणा का आहे?

नवी दिल्ली : जलजीवन अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, तेव्हा देशातील सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण कुटुंबांकडे, म्हणजे दर सहा कुटुंबांपैकी जेमतेम एकाकडे, नळजोडणी होती. २०२५च्या प्रारंभी ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. गोवा राज्य तसेच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झाले. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हा असे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला. जलवाहिन्या टाकण्याच्या कामाचा हा वेग लक्षणीय आहे. मात्र वाहिनी टाकणे हे एकदाचे काम असते, तर तिच्यातून रोज सुरक्षित पाणी देणे हे कधीही न संपणारे काम असते. ते ज्यांच्या हाती आहे, त्यांना ते शिकविले जाते का, हा आता या क्षेत्रातील कळीचा प्रश्न बनला आहे.

केंद्र सरकारनेही हे मान्य केले आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात अभियानाची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. त्या वेळी पायाभूत सुविधांचा दर्जा आणि लोकसहभागातून योजनांचे परिचालन व देखभाल यांवर भर देण्याचे जाहीर करण्यात आले.

एक विहीर, एक पंप, एक माणूस

मोठ्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात अभियंते, रसायनतज्ज्ञ, वीजतंत्रज्ञ आणि प्रयोगशाळा असे स्वतंत्र विभाग असतात. गावाच्या योजनेत एक विहीर किंवा विंधन विहीर, एक पंप, उंचावरची एक टाकी आणि काही किलोमीटरची जलवाहिनी असते. पंप सुरू करणे, टाकी भरणे, पाण्यात जंतुनाशक मिसळणे, वस्तीनुसार व्हॉल्व्ह उघडणे व बंद करणे, गळती शोधणे, नोंदवही भरणे आणि तक्रारी ऐकणे ही सारी कामे बहुधा एकच व्यक्ती करते. महाराष्ट्रात तिला पाणीपुरवठा कर्मचारी किंवा जलसुरक्षक म्हणतात, अन्यत्र पंपचालक. पदनाम कोणतेही असले, तरी गावातील प्रत्येक घराच्या आरोग्याचा एक धागा या व्यक्तीच्या हाती असतो.

७३व्या घटनादुरुस्तीने पेयजल हा विषय पंचायतींच्या कार्यकक्षेत आणला. जलजीवन अभियानाने पाणी समितीला गावांतर्गत योजनेचे व्यवस्थापन सोपविले. या समितीत १० ते १५ सदस्य आणि त्यांत किमान निम्म्या महिला असाव्यात, असे अपेक्षित आहे. म्हणजे मालकी गावाची आहे, जबाबदारीही गावाची आहे. मात्र तांत्रिक ज्ञान ठरावाने येत नाही, ते शिकावे लागते.

हाताच्या अंदाजाने चुकणारे गणित

प्रशिक्षणाची गरज समजून घेण्यासाठी सर्वांत सोपे उदाहरण विरंजक चूर्णाचे, म्हणजे गावोगावी ‘टीसीएल पावडर’ या नावाने परिचित असलेल्या जंतुनाशकाचे आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, दमट खोलीत किंवा उन्हात ती राहिली, की हे प्रमाण वेगाने घटते.

५० हजार लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीनची मात्रा द्यायची असेल, तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताजी पावडर असल्यास त्यासाठी सुमारे ३०० ग्रॅम पुरेशी होते. तीच पावडर जुनी होऊन तिची शक्ती २० टक्क्यांवर आली असेल, तर ५०० ग्रॅम लागेल. सवयीने ३०० ग्रॅमच टाकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून पाण्यात प्रत्यक्षात लिटरमागे १.२ मिलिग्रॅम क्लोरीनच जाईल. पाण्यातील जंतू व सेंद्रिय द्रव्ये यांवरच दीड मिलिग्रॅम खर्ची पडत असेल, तर नळापर्यंत काहीही शिल्लक उरणार नाही. नोंदवहीत मात्र ‘पावडर टाकली’ असे लिहिलेले असेल आणि ते खोटेही नसेल.

भारतीय मानक ब्युरोच्या पेयजलविषयक मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन असावा लागतो. टाकीनंतरच्या वाहिनीत पाणी पुन्हा दूषित झाल्यास हा उरलेला अंशच संरक्षण देतो. म्हणून किती पावडर टाकली यापेक्षा शेवटच्या घरात किती क्लोरीन उरला, हे तपासणे महत्त्वाचे ठरते. गावात ही तपासणी बहुधा ‘ओटी टेस्ट’ने होते. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, की क्लोरीन आहे असे समजले जाते. मुक्त क्लोरीन अधिक अचूकपणे दाखविणारी डीपीडी चाचणी पाण्याला गुलाबी छटा देते.

क्लोरीनला काम करण्यास वेळही लागतो. मिसळल्यानंतर किमान अर्धा तास पाणी टाकीत थांबणे आवश्यक असते. गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू दडून राहतात. त्यामुळे आधी गढूळपणा कमी करावा लागतो. पावडर कोरडीच टाकीत लोटली, तर चुन्याचा साका तळाशी बसतो. ती आधी वेगळ्या भांड्यात कालवून, साका खाली बसू देऊन वरचे निवळ द्रावण वापरायचे असते. यांतील एकही गोष्ट अवघड नाही, पण यांतील एकही गोष्ट न शिकविता आपोआप कळत नाही.

वॉकर्टनमध्ये काय घडले

हे ज्ञान नसल्यास काय होते, याचे सर्वांत सविस्तर नोंदलेले उदाहरण एका श्रीमंत देशातील आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे ५ हजार वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला आणि शेतात टाकलेल्या शेणखतातील घातक ई-कोलाय जंतू झिरपून एका उथळ विहिरीत पोहोचले. क्लोरीनची मात्रा अपुरी होती. सात जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे २ हजार ३०० जण आजारी पडले.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने या घटनेची मुळापासून छाननी केली. ज्या शेतातून जंतू आले, त्या शेतकऱ्याचा दोष नसल्याचे आयोगाने नमूद केले. योजना चालविणारे कर्मचारी अनुभवी होते. त्यांच्याकडे परवानेही होते. मात्र ते परीक्षा न घेता, केवळ सेवेच्या वर्षांवर देण्यात आले होते. प्रत्यक्ष क्लोरीन न मोजता नोंदवहीत ठरावीक आकडे भरले जात. पाण्याचे नमुने एका ठिकाणी घेऊन त्यांवर दुसऱ्या ठिकाणाचे नाव लिहिले जाई. मुख्य म्हणजे विहिरीचे पाणी मुळातच चांगले आहे, अशी या कर्मचाऱ्यांची प्रामाणिक समजूत होती. ते स्वतःही क्लोरीन न घातलेले पाणी पीत. क्लोरीनच्या चवीबद्दल रहिवाशांच्या तक्रारी येत, हेही मात्रा कमी ठेवण्याचे एक कारण होते.

पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल १७ मे रोजी आला होता, पण तो आरोग्य अधिकाऱ्यांपासून दडविण्यात आला. पाणी उकळून पिण्याचा इशारा अखेर २१ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःहून दिला. अहवाल वेळीच कळविला असता, तर ३०० ते ४०० जणांचे आजारपण टळले असते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती, तर साथच रोखता आली असती, असेही आयोगाने म्हटले. दोष केवळ कर्मचाऱ्यांचा नव्हता. देखरेख करणारी सरकारी यंत्रणा आणि तिच्या निधीतील कपात यांवरही आयोगाने बोट ठेवले.

त्यानंतर ओंटारिओने २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा केला. कर्मचाऱ्यांना परीक्षा आणि ठरावीक तासांचे नियमित प्रशिक्षण बंधनकारक झाले. परवान्याचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २००४ मध्ये वॉकर्टनमध्येच लहान योजना चालविणाऱ्यांसाठी प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. अमेरिकेने १९९६च्या कायदादुरुस्तीद्वारे पाणीयोजना चालविणाऱ्यांच्या प्रमाणपत्राची तरतूद याआधीच केली होती.

भारतातील प्रयत्न

भारतात या दिशेने पावले पडली आहेत. जलजीवन अभियानाअंतर्गत प्रत्येक गावात पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, तपासणी संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण दिले जाते. अशा प्रशिक्षित महिलांची संख्या देशभरात २४ लाखांहून अधिक आहे. ‘नल जल मित्र’ कार्यक्रमातून गावातील तरुणांना गवंडीकाम, नळजोडणी, वीजदुरुस्ती आणि पंपदुरुस्ती अशी अनेक कौशल्ये एकत्रित शिकविण्याची योजना आहे, जेणेकरून किरकोळ बिघाडासाठी तालुक्याच्या ठिकाणाहून कारागीर येण्याची वाट पाहावी लागू नये. कोलकात्याजवळील जोका येथे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी राष्ट्रीय पेयजल व स्वच्छता संस्था याच क्षेत्रातील क्षमताबांधणीसाठी आहे. गुजरातमध्ये २००२ पासून ‘वास्मो’ ही संस्था गावाच्या पाणी समित्यांना हाताशी धरून काम करीत आली आहे.

महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या वतीने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. विहिरीभोवतीचे सांडपाणी, व्हॉल्व्हजवळची गळती, पावडरीचा साठा अशा बाबी त्यात पाहिल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना पुरस्कार करीत असलेल्या जलसुरक्षा आराखड्याशी ही पद्धत सुसंगत आहे. पाणी दूषित झाल्यावर ते शोधण्यापेक्षा ते कोठे दूषित होऊ शकेल हे आधी शोधावे, असा त्यामागील विचार आहे.

काय शिकवावे?

लहान योजनेच्या कर्मचाऱ्याला किमान चार बाबी येणे गरजेचे आहे. पहिली बाब जंतुनाशनाची, जिचे गणित वर आले आहे. दुसरी वितरणाची. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. वाहिनी रिकामी होताना तिच्यात पोकळी निर्माण होते आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेले पाणी म्हणूनच धोकादायक असते, हे ज्याला कळले तो तो खड्डा कोरडा ठेवतो.

तिसरी बाब चाचण्यांची मर्यादा ओळखण्याची. जंतूंच्या चाचणीची बाटली २४ ते ४८ तासांत काळी पडली, तर पाणी दूषित आहे असे समजायचे. मात्र ही बाटली फ्लोराइड किंवा नायट्रेटविषयी काहीही सांगत नाही. क्लोरीनने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळा आणि वेगळा उपाय लागतो. चौथी बाब सर्वांत दुर्लक्षित आहे: खरी नोंद ठेवणे आणि वाईट बातमी तत्काळ कळविणे. चाचणीचा निकाल वाईट आल्यास कोणाला, किती वेळात आणि कसे सांगायचे, हे आधीच ठरलेले असावे. तसे कळविणाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची हमीही असावी.

यासोबत कर्मचाऱ्याची स्वतःची सुरक्षितताही शिकवावी लागते. ओल्या जागी विजेचा पंप हाताळणे, विहिरीत किंवा बंदिस्त टाकीत उतरणे आणि क्लोरीनच्या वाफा ही जीवघेणी जोखीम असू शकते.

एकदाच्या शिबिराने भागत नाही

खरी अडचण प्रशिक्षणानंतर सुरू होते. एका दिवसाच्या शिबिरात व्याख्यान ऐकलेली व्यक्ती पुढील पावसाळ्यापर्यंत बरेच विसरलेली असते. अनेक ठिकाणी हे काम अर्धवेळ असते. मानधन अल्प असते आणि ते पाणीपट्टीच्या वसुलीवर अवलंबून असते. अधिक कमाईचे काम मिळाले, की शिकलेला माणूस निघून जातो आणि त्याच्या जागी आलेला पुन्हा अंदाजाने पावडर टाकू लागतो. तपासणी संचातील द्रावण संपले आणि नवे आले नाही, तर प्रशिक्षण कागदावरच राहते.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. अशा निधीतून केवळ वाहिन्या आणि टाक्या नव्हे, तर कर्मचाऱ्याचे नियमित मानधन, चाचणीचे साहित्य आणि दरवर्षीचे उजळणी प्रशिक्षण यांची तरतूद झाली, तरच गुंतवणुकीचे फळ टिकते. परीक्षेवर आधारित प्रमाणपत्र आणि त्याचे ठरावीक काळाने नूतनीकरण, तसेच प्रमाणपत्राशी जोडलेले वेतन हा पुढचा टप्पा ठरू शकतो. कारण ज्या कौशल्याला मान आणि मोबदला नसतो, ते गावात टिकत नाही.

वाटा ग्रामस्थांचाही आहे. पाण्याला किंचित वास आला म्हणून जलसुरक्षकाला पावडर कमी करण्यास सांगणारे गाव नकळत स्वतःचेच संरक्षण काढून घेत असते. त्यामुळे हे शिक्षण पंपघरापुरते न राहता पाणी समिती, शाळा आणि ग्रामसभेपर्यंत जायला हवे. शेवटच्या घरातील नळाचे पाणी तपासून त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लिहिणे हे त्यासाठीचे सर्वांत स्वस्त साधन आहे. त्यातून कर्मचाऱ्याचे काम गावाला दिसते आणि कामात खंड पडला तर तोही दिसतो.