दोनशे तासांचा हिशेब

पहाटे ३:४०
गजर व्हायच्या आधीच दादा उठून बसलेला. खोलीत अंधार, फोनचा उजेड तेवढा तोंडावर.
"काय म्हणते?" मी विचारलं.
"ढग खाली आहेत म्हणते. बसवून ठेवलंय."
कुवेतमधल्या मंगफपेक्षा आपलं घड्याळ अडीच तास पुढे. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झालेली. त्याची मुलगी हेडसेट मांडीवर घेऊन बसली असणार. ऑगस्टात असे दिवस फार. विमान जमिनीवर राहिलं की तास वाढत नाहीत, राहण्या-जेवणाचं बिल मात्र वाढतं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, गुहागरकडचा. आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड केला, चार वर्षं मुंबईत काढली आणि कुवेत गाठलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. मुलगी वैमानिक होतेय. मी आठवडाभर त्याच्या खोलीवर होतो, त्यातला हा गुरुवार.

४:२०
खोलीत चौघं राहतात. दाराच्या खिळ्याला एक कापडी पिशवी. तिच्यात पासपोर्टची प्रत, थोडे दिनार आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाची फाईल. १२ जून २०२४ ला अशाच पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आपल्याकडची. हवाई दलाच्या विमानातून शवपेट्या कोचीला उतरल्या. तेव्हापासून ही पिशवी दाराशी असते. जिना उतरताना दादा प्रत्येक मजल्यावर नजर टाकतो. एका वळणावर कुणीतरी गादी उभी करून ठेवली होती. ती त्याने उचलून खाली नेली आणि हारिसला दाखवली. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार.

५:००
व्हॅन. मागे गॅसचे सिलिंडर, व्हॅक्यूम पंप, ब्लोअर, तांब्याची नळी, शिडी. मदतनीस आंध्रचा पोरगा, तो मागे बसतो. बकाल्यातून पन्नास फिल्सचं खुबुसाचं पाकीट आणि पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, खुबुस म्हणजे इथली रोटी आणि फिल्स म्हणजे दिनारचे सुटे पैसे.

५:२५
सात मजल्यांची इमारत, तिची गच्ची. सूर्य नुकताच वर आलेला आणि शिडीची कड आत्ताच हाताला चटका देते. एसीची बाहेरची युनिटं ओळीने मांडलेली, जाळ्यांवर धुळीचा पिवळा थर. तिसऱ्या मजल्याचं घर रात्रभर तापलंय, घरात तान्हं बाळ आहे.

दादा पेटी उघडतो. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, त्यावर मराठीत पाच ओळी. ब्रेकर बंद. मीटरने खात्री. कपॅसिटर डिस्चार्ज. नट मोजून ठेव. शेवटी पुन्हा मोज.
"हे कधीपासून?"
"ती ग्राउंड क्लासला गेल्यापासून. म्हणाली, पप्पा, पाठ असलं तरी वाचायचं. कॅप्टनसुद्धा वाचूनच करतात."
बावीस वर्षांचा हात आहे, तरी तो बोट ठेवून एकेक ओळ वाचतो. मग कपॅसिटर काढतो. डोकं फुगलंय. ४५ मायक्रोफॅरडचा, मीटर ३१ दाखवतो. नवा तीन दिनारचा. तो बसवला, जाळी आतून बाहेर पाण्याने धुतली, गेज लावलं. काटा हवा तिथे येईपर्यंत उभं राहायचं. घाईने गॅस भरला तर कॉम्प्रेसर जातो. बारा मिनिटं तो काट्याकडे बघत उभा होता, मानेवर ओला पंचा. पंचा दोनदा वाळला.

८:१०
तिसरी गच्ची उरकून व्हॅनच्या सावलीत चहा, शंभर फिल्स. तेवढ्यात हिशेब निघाला. तो मी काढला नाही, त्याच्या तो सारखा तोंडीच असतो.

ओव्हरटाइम धरून महिन्याला ३८० दिनार. सव्वीस दिवसांनी भागले तर रोजचे साडेचौदा. जागेचे ३५, मेसचे ३२, फोनचे ५, साबण, गोळ्या, चहा मिळून १८. उरलेले २९० घरी. दिनारचे २८० रुपये धरले तर ८१ हजार. उड्डाणाचा एक तास मुलीला साधारण १५ हजारांना पडतो, म्हणजे ५४ दिनार.
"माझे पावणेचार दिवस," दादा म्हणाला. "आणि तास पाहिजेत दोनशे."

कमर्शियल परवान्याला डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं, २०० तास मागतं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर. त्यात लांबच्या प्रवासाचे वीस, शिवाय रात्रीचे पाच. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम अशा लेखी परीक्षा वेगळ्या, सत्तर टक्क्यांखाली नापास. चिपळूणचा फ्लॅट यात गेला. वर तीस लाखांचं कर्ज, सध्या नुसतं व्याज भरतात. परवाना हातात आला तरी एअरबस किंवा बोइंग चालवायचं टाइप रेटिंग राहतंच, त्याचे पंधरा ते वीस लाख धरून ठेवलेत.

१०:५०
खाली उतरलो. जून ते ऑगस्ट अकरा ते चार उन्हात काम करायला सरकारी बंदी आहे. मग घरातली कामं: फिल्टर धुणं, तुंबलेला ड्रेन पाइप, थर्मोस्टॅट. एका घरी बाईंनी लिंबूपाणी दिलं. दुसऱ्या घरी पाऊण तास काम केलं आणि जाताना कुणी दारापर्यंतही आलं नाही.

दुपारी १:१५
व्हॅन एका इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. डब्यात भात आणि बांगड्याचं कालवण. जेवताना मी विचारलं, वैमानिकच का?
"बाबांमुळे."
दादाचे वडीलही इथेच होते. १९९० च्या ऑगस्टात इराकी फौजा शिरल्या. बसने वाळवंट ओलांडून ते अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. एअर इंडियाने तेव्हा ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं घरी आणली. आजोबा नातीला ती गोष्ट शंभरदा सांगायचे. विमानात बसल्यावर पहिलं पाणी कुणी दिलं, तेही. वहिनी शिक्षिका. सौदामिनी देशमुख यांचं नाव त्यांनी मुलीला सांगितलं. १९८५ मध्ये सगळ्या बायकाच असलेलं आपल्याकडचं पहिलं विमान कोलकात्याहून सिलचरला त्यांनी नेलं होतं. हे सांगितलं तेव्हा मुलगी सहावीत होती. तिने वहीवर ते फॉकर विमान काढलं.

"नोकरी नाही लागली तर?" मला हे विचारायचंच होतं.
दादा काटे काढत राहिला. मग म्हणाला, "तीन पोरं आहेत तिच्या ओळखीची. परवाना घेऊन दोन वर्षं घरी." २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती विमानं येतील तेव्हा कुणीतरी चालवणारच, हा त्याचा आधार. पण मेडिकल दर वर्षी पास व्हावं लागतं. डोळ्याचं, कानाचं, हृदयाचं काही निघालं तर पगार तिथेच थांबतो.

सुरुवातीला दीड-दोन लाख मिळतात, कॅप्टन झाल्यावर त्याच्या कित्येक पट. हे दादाला पाठ आहे. पण त्याने वाखाणलं ते दुसरंच. "वर्षाला हजार तासांच्या वर उडायचंच नाही, असा कायदा आहे. आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती. दमलेल्या माणसाला गाडी हातात देत नाहीत रे." मला वाटतं, या शिक्षणात त्याने सगळ्यात आधी हीच गोष्ट विकत घेतली असावी. त्याला सुटी शुक्रवारची, तीही ऑगस्टात अर्धी.

१:५०
फोन वाजला. दादाने हात पुसले, चष्मा लावला, वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. "पप्पा दुपारी उघडलं. सोलो. १ तास २० मिनिटं. लँडिंग एकदम मऊ."
त्याने डबा धुतला. पार्किंगमधल्या नळाचं पाणी चहाइतकं गरम.

४:३०
एक्सचेंजचं दुकान, रांगेत अकरा माणसं. १५० दिनार पाठवले, वर दीड दिनार कमिशन. पावती घडी करून खिशात.

५:१०
पुन्हा गच्ची. ऊन उतरलेलं, लोखंड उतरलेलं नाही. एका युनिटचा पंखा जाम. तो ओढून काढताना दादाच्या अंगठ्याची साल निघाली. चिकटपट्टी लावून त्याने झाकण उघडलं आणि कागदावरची पहिली ओळ वाचली.

रात्री ८:००
आंघोळ, मग फोन. मुलगी दमलेली, तरी बोलायचं थांबेना. वारा कुठून होता, कुठे वळली, खाली भाताची खाचरं कशी दिसली. दादा मध्ये फक्त "मग?" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "जेवलीस ना? नीट झोप."

८:३५
उशीखालून त्याने शंभर पानी वही काढली. डावीकडे तिचे तास, उजवीकडे पाठवलेले दिनार. आजची ओळ लिहिली आणि बेरीज दोनदा तपासली. झाले ११२ तास ४० मिनिटं. उरले ८७ तास २० मिनिटं.